पश्चात्तापातला ताप

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला संध्याकाळी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर शेवंती-झेंडू घेणाऱ्यांच्या काही पिशव्यांत फुलांबरोबर मेणबत्त्यांचे पुडे, घासायचा ब्रश आणि जुनं फडकं असतं. ही फुलं दाराच्या तोरणासाठी घेतलेली नसतात. दुसऱ्या दिवशी कॅथॉलिक घरांतली माणसं दफनभूमीत जातात. थडगं धुतात, क्रूसावरची धूळ पुसतात, मेणबत्ती लावतात आणि फादर पवित्र पाणी शिंपडत येईपर्यंत तिथंच थांबतात. २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. फ्रान्समधल्या क्लूनी इथल्या मठाचा प्रमुख ओदिलो याने अकराव्या शतकाच्या उंबरठ्यावर आपल्या मठांसाठी तो घालून दिला आणि पुढे तो सगळ्या चर्चमध्ये पसरला.

शेजारचे लोक विचारतात, "तुमच्यातही पितृपक्ष असतो का?" प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो आणि उत्तर अर्धं होकारार्थी आहे. गेलेल्या माणसाशी नातं तुटत नाही, त्याच्यासाठी जिवंतांनी काही करायचं असतं, इथपर्यंत दोन्हीकडे सारखंच आहे. पुढे वाटा वेगळ्या होतात. कॅथॉलिक श्रद्धेत पुनर्जन्म नाही. देवाला हो म्हणायचं की नाही, हा माणसाचा निर्णय मृत्यूबरोबर कायमचा ठरतो, त्यानंतर तो बदलता येत नाही. मग प्रार्थना कशासाठी? निर्णय ठरला असला तरी माणूस अजून स्वच्छ झालेला नसतो, त्यासाठी. क्षमा आणि शुद्धी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. क्षमा क्षणात मिळते, शुद्धीला तेवढा वेळ पुरत नाही. हे एवढं नीट कळलं तर पुढचं सगळं कळतं. ते निसटलं की पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, पोकळ होतं, शुद्धीस्थान, म्हणजे मृत्यूनंतरचं शुद्धीकरण, हा भयपट वाटतो आणि मृतांसाठीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, निव्वळ रीत उरते.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे. पश्चात्ताप, म्हणजे मागाहून येणारा ताप. चूक घडते तेव्हा तिची धग लागत नाही, ती नंतर लागते. आणि ही धग क्षमा मिळाल्यावर विझेलच असं नाही. कधीकधी क्षमा मिळाल्यावरच ती खरी जाणवू लागते.

एक उदाहरण घेऊ. नवी मुंबईच्या पट्ट्यातलं एखादं गाव. सिडकोने जमीन घेतली, बदल्यात साडेबारा टक्के योजनेतला भूखंड आला. भावाने बहिणीला सांगितलं, "ताई, नुसती एक सही हवी आहे." सही झाली ती हक्कसोडपत्रावर. वीस वर्षांनी त्याची झोप उडाली. तो पापनिवेदनाला गेला, काही न लपवता बोलला, आणि फादरांनी पापमुक्तीचे शब्द उच्चारले. पाप गेलं का? गेलं, पूर्ण गेलं. देव ती वही पुन्हा उघडत नाही. पण बहिणीचा वाटा अजून भावाच्याच नावावर आहे. फादर त्याला सांगतील की तो परत करण्याचा प्रामाणिक निश्चय हवा. ती तयारीच नसेल तर पश्चात्तापच खरा नाही, आणि मग पापमुक्तीचे शब्द कानावर पडूनही उपयोग होत नाही. समजा, त्याने वाटा दिलाही. तरी एक गोष्ट उरते. वीस वर्षांत मनाला जे वळण पडलं, कुठलाही हिशेब मांडताना आधी दुसऱ्याचं नाव गाळायचं, ते वळण एका दुपारी सुटत नाही.

चर्चची शिकवण हेच थोड्या कोरड्या शब्दांत मांडते. गंभीर पापाचे परिणाम दोन. देवाशी नातं तुटतं, त्याला सार्वकालिक दंड म्हणतात. तो क्षमेबरोबर मिटतो. दुसरा परिणाम म्हणजे सृष्टीतल्या गोष्टींना चिकटलेलं, वाकडं झालेलं मन. ते सरळ करावं लागतं, इथे किंवा मृत्यूनंतर. त्याला तात्कालिक दंड म्हणतात. 'दंड' शब्दाने घोळ होतो. वाचणाऱ्याला पोलीस चौकी आठवते. धर्मशिक्षणाचा अधिकृत ग्रंथ मात्र बजावतो की हा देवाने बाहेरून उगवलेला सूड समजू नये, तो पापाच्या स्वभावातूनच येतो. हाड मोडल्यावर प्लास्टर चढतं आणि पुढे कित्येक आठवडे व्यायाम करावा लागतो, त्या व्यायामाला कोणी शिक्षा म्हणत नाही.

म्हणून पापनिवेदनाची प्रत्यक्ष रीत नीट माहीत असावी. आधी विवेकपरीक्षण. शांत बसून, दहा आज्ञा समोर ठेवून, मागच्या पापनिवेदनापासून काय घडलं ते पाहायचं. मग अनुताप आणि पुन्हा तसं न करण्याचा निश्चय. मग फादरांपुढे निवेदन, त्यांनी सांगितलेलं प्रायश्चित्त आणि पापमुक्ती. "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला तुझ्या पापांपासून मुक्त करतो," हा त्या शब्दांचा गाभा. बिशपांच्या १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक केलं आणि आजच्या धर्मकायद्यातही गंभीर पापांसाठी तो नियम आहे. गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात. बाब गंभीर हवी, ती गंभीर असल्याची पूर्ण जाणीव हवी, आणि संमती मनापासून दिलेली हवी. तीनपैकी एकही कमी पडली तर दोष राहतो, पण तो त्या अर्थाने प्राणघातक ठरत नाही.

गंभीर पापं प्रकार आणि संख्या यांसह सांगायची असतात. संख्या कशासाठी, असं पुष्कळांना वाटतं. "मी खोटं बोललो" आणि "मी दोन वर्षं रोज खोटं बोललो" ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि वैद्याला ताप किती दिवसांचा ते कळावं लागतं. नेमका आकडा आठवत नसेल तर अंदाज चालतो.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. सगळ्यात जास्त बिघडतं, जेव्हा सून सासूची पापं सांगते आणि सासू सुनेची. दुसरी चूक मोघमपणाची. "विचाराने, शब्दाने, कृतीने पाप केलं" एवढ्यावर आटपायचं. त्यात खोटं काहीच नसतं, पण औषध कुठे लावायचं ते कळत नाही. तिसरी चूक सबबीची. पापाचं एक वाक्य आणि ते का करावं लागलं याची दहा. या तिन्ही चुका समजूतदार फादर दोन प्रश्नांत सुधारून घेतात. चौथी मात्र जड आहे. गंभीर पाप आठवत असूनही लाजेपोटी मुद्दाम लपवलं तर ते पापनिवेदन निष्फळ ठरतं, सांगितलेल्या बाकी पापांचीही क्षमा होत नाही, वर एक पाप वाढतं. विसरण्याचं तसं नाही. प्रामाणिकपणे विसरलेलं पाप क्षमेत येतं, नंतर आठवलं तर पुढच्या वेळी सांगायचं. लाज वाटणाऱ्याने गोपनीयतेचा नियम किती कडक आहे ते लक्षात घ्यावं. ऐकलेलं एक अक्षर फादर शब्दाने, खुणेने, कशानेही उघड करू शकत नाहीत, स्वतःचा जीव वाचवायलाही नाही. हा नियम थेट मोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी चर्चबाहेर फेकला जातो. जवळच्या चर्चमधल्या ओळखीच्या फादरांपुढे जीभ रेटत नसेल तर वाशीच्या माणसाने ठाण्याला जावं, ठाण्याच्याने वाशीला. तेवढी मोकळीक प्रत्येकाला आहे. फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र हा संस्कार होत नाही.

अनुतापाचे दोन दर्जे आहेत आणि दोन्ही स्वीकारले जातात. नरकाच्या भीतीने किंवा पापाच्या किळसेने वाटलेलं दुःख अपूर्ण असतं, तरी पापनिवेदनासाठी ते पुरतं. देवावरच्या प्रेमापोटी झालेला अनुताप पूर्ण. त्यात, शक्य होताच पापनिवेदन करायचा निश्चय असेल तर, गंभीर पापाचीही क्षमा तिथल्या तिथे होते. घोडबंदर रोडवर अपघातात सापडलेल्या माणसापर्यंत फादर वेळेत पोहोचतीलच असं नाही, देव पोहोचलेला असतो. पूर्ण अनुतापाची एक साधी प्रार्थना मुलांना लहानपणीच पाठ करून घेतात, ती याचसाठी.

आता मृत्यूनंतरचं. ल्यों इथली १२७४ ची, फ्लॉरेन्सची १४३९ ची आणि ट्रेंटची अशा परिषदांनी शुद्धीस्थानाबद्दल जे बांधून सांगितलं ते थोडकं आहे. देवाच्या मैत्रीत मरण पावलेल्या, पण पूर्ण शुद्ध न झालेल्या माणसांचं मृत्यूनंतर शुद्धीकरण होतं. आणि त्यांना जिवंतांच्या प्रार्थनांची, विशेषतः मिस्साबलिदानाची मदत होते. बस, इतकंच. ट्रेंटने डिसेंबर १५६३ मध्ये तर बिशपांना ताकीदच दिली की साध्या लोकांपुढच्या प्रवचनांत अवघड, बारीक प्रश्न घोळू नयेत, आणि कुतूहल, अंधश्रद्धा व पैशाचा लोभ यांना थारा देऊ नये. किती वर्षं, किती अंश उष्णता, कुठल्या दिशेला, यावर चर्चने काहीच सांगितलेलं नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ मध्ये स्पष्ट केलं की हा शब्द जागा दाखवत नाही, अवस्था दाखवतो. मराठी नावातला 'स्थान' त्या दृष्टीने थोडा फसवा आहे.

आणखी एक गैरसमज हटवायला हवा. शुद्धीस्थान म्हणजे स्वर्ग आणि नरक यांच्यामधली जागा, जिथे निकाल लटकलेला आहे, असं पुष्कळांना वाटतं. निकाल लागलेला असतो, तिथला प्रत्येक जण स्वर्गात जाणार हे नक्की असतं. जेनोवाची संत कॅथरिन, जन्म १४४७, हिने तर म्हटलं की स्वर्गातल्या आनंदाखालोखाल आनंद शुद्धीस्थानातल्या आत्म्यांचा, आणि यातनाही तितकीच खोल. दोन्ही एकाच वेळी कसं असेल? ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासमोर मळक्या कपड्यांनी उभं राहावं लागणं काय असतं, ते आठवावं. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या आशेवरच्या परिपत्रकात काही आधुनिक धर्मपंडितांचा विचार मांडला, की जाळणारा आणि वाचवणारा हा अग्नी म्हणजे स्वतः ख्रिस्तच असावा. त्याच्या नजरेला नजर भिडते आणि आतलं सगळं खोटं जळून जातं. मला हे चित्र भट्टीच्या जुन्या चित्रांपेक्षा कितीतरी जास्त खरं वाटतं, आणि खरं सांगायचं तर जास्त धाकाचंही. भट्टी बाहेर असते, तिच्यापासून तोंड फिरवता येतं. आपण कुणाला काय केलं ते त्या माणसाच्या बाजूने, पूर्ण उजेडात पाहावं लागणं, हा पश्चात्तापातला ताप पुरता भोगणं आहे. त्या भावाला बहिणीची वीस वर्षं दिसतील.

शास्त्राचा आधार विचारला तर कॅथॉलिक बायबलमधला मक्काबींचा दुसरा ग्रंथ, बारावा अध्याय. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्यांखाली मूर्तींचे ताईत सापडले. त्यांचा सेनापती यहूदा मक्काबी याने वर्गणी काढली, चांदीची सुमारे दोन हजार नाणी, आणि त्यांच्या पापासाठी बलिदान व्हावं म्हणून ती यरुशलेमला पाठवली. हा ग्रंथ प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. नगरकडून ठाणे, कल्याण, नवी मुंबईत आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत एक शाखा कॅथॉलिक आणि एक प्रोटेस्टंट असं आढळतं. दफनाच्या वेळी एक जण मृतासाठी प्रार्थना करतो आणि दुसरा गप्प राहतो, त्यामागे बऱ्याच अंशी हाच फरक असतो. त्यावरून भांडू नये. गप्प राहणाऱ्याचं दुःख कमी नसतं.

सगळ्यांनाच शुद्धीकरण लागतं असंही नाही. ठाण्याच्याच मातीत याचा दाखला आहे. १३२१ च्या एप्रिलमध्ये इथे चार फ्रान्सिस्कन मिशनरी मारले गेले, तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि त्यांचा दुभाषा, तिफ्लिसचा देमेत्रियस. पुढे पोर्देनोनेचा ओदोरिक त्यांच्या अस्थी घेऊन समुद्रमार्गे चीनला गेला. श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्या रक्तसाक्ष्याच्या बाबतीत चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करत नाही, त्याच्याकडे करतं. ज्याने जीवच ओवाळून टाकला, त्याच्यात जळायचं काही उरलेलं नसतं.

बाकीच्यांसाठी जिवंतांनी काय करायचं? मुख्य गोष्ट मिस्सा. चर्चच्या ऑफिसात वही असते, त्यात मृताचं नाव आणि तारीख लिहून घेतात. आपल्याकडे सातव्या दिवसाची, महिन्याची आणि वर्षाची मिस्सा रूढ आहे. दिलं जाणारं दान ही मिस्साची किंमत नाही. त्याची रक्कम त्या प्रांतातले बिशप ठरवतात, धर्मगुरूने जास्त मागायचं नसतं, आणि ज्याच्यापाशी काही नाही त्याच्यासाठीही मिस्सा करावी असं धर्मकायदाच सांगतो. व्यापाराचा नुसता भासही नको, हे त्याचे शब्द. त्यामुळे "मोठ्या मिस्साने लवकर सुटतो" असं कुणी म्हणालं तर ते निखालस चूक. अनुभवी फादर आणखी एक सांगतात. मिस्सा लिहून द्यायची आणि त्या दिवशी घरातलं कुणीच जायचं नाही, ही सवय वाढली आहे. मिस्सा तशीही फळते, पण आपल्याला जे फळ मिळणार असतं ते जातं.

ग्रेगोरियन मिस्सांबद्दल पुष्कळ विचारणा होते. एका मृत व्यक्तीसाठी सलग तीस दिवस तीस मिस्सा. उगम पोप ग्रेगरी महान यांनी सांगितलेल्या हकिगतीत. एका साधूने मठाचा नियम मोडून तीन सोन्याची नाणी लपवली होती, त्याच्यासाठी अशा मिस्सा झाल्या. एकच धर्मगुरू किंवा एकच वेदी असण्याची सक्ती नाही, जिवंत माणसासाठी मात्र त्या होत नाहीत. शहरातल्या चर्चमध्ये अडचण साधी असते. रोजच्या मिस्सा आधीच लिहिलेल्या असतात, सलग तीस दिवस मोकळे मिळत नाहीत. म्हणून फादर त्या बहुधा एखाद्या मठाकडे किंवा मिशनमधल्या धर्मगुरूंकडे पाठवतात. त्यात काही कमी पडत नाही.

दुसरी गोष्ट दंडमाफी, म्हणजे क्षमा झालेल्या पापाच्या उरलेल्या तात्कालिक दंडाची चर्चमार्फत मिळणारी माफी. हिच्या नावाने सोळाव्या शतकात बाजार भरला होता आणि त्याची लाज चर्चने बाळगायलाच हवी. आजचा नियम असा. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी, मनातल्या मनात का होईना, प्रार्थना केली तर पूर्ण दंडमाफी मिळते, रोज एक, आणि ती फक्त शुद्धीस्थानातल्या आत्म्यांसाठीच अर्पण करता येते. २ नोव्हेंबरला चर्चमध्ये जाऊन प्रभूची प्रार्थना आणि श्रद्धांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हटली तरी चालतं. सोबतच्या अटी म्हणजे पापनिवेदन, ख्रिस्तशरीराचा (मिस्सातल्या पवित्र भाकरीचा) स्वीकार, पोप महोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि कुठल्याही पापाची, अगदी किरकोळ पापाचीही, आसक्ती नसणं. पापनिवेदन एकदाच, साधारण वीस दिवस आधी किंवा नंतर झालेलं चालतं. ख्रिस्तशरीर आणि पोपसाठी प्रार्थना मात्र प्रत्येक वेळी. आसक्तीची अट बहुतेकांना जड जाते. ती पुरी झाली नाही तर दंडमाफी अंशतः मिळते, हात रिकामे राहत नाहीत. करोनाच्या २०२० सालात दफनभूमीत गर्दी होऊ नये म्हणून ही आठ दिवसांची मुदत संपूर्ण नोव्हेंबरभर पसरली होती.

जुन्या घरांतल्या प्रार्थनापुस्तकांत एखाद्या प्रार्थनेखाली "३०० दिवसांची दंडमाफी" असं छापलेलं आढळेल. त्याचा अर्थ शुद्धीस्थानातले ३०० दिवस कमी, असा कधीच नव्हता. आरंभीच्या चर्चमध्ये जाहीर प्रायश्चित्त दिवसांवर आणि वर्षांवर मोजलं जाई, तितक्या दिवसांच्या प्रायश्चित्ताचं फळ, एवढाच तो हिशेब. गैरसमज हटेना, तेव्हा पोप पॉल सहावे यांनी १९६७ मध्ये दिवस आणि वर्षं काढूनच टाकली.

पण मृत्यूनंतरच्या धावपळीपेक्षा आधीच्या काही तासांकडे दुर्लक्ष होतं, याचं वाईट वाटतं. आजारी माणसाला आयसीयूत हलवलं तरी घरचे फादरांना बोलवत नाहीत. "पप्पा घाबरतील." रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा विधी, हा मरणाचा दाखला नाही, आजाऱ्यांचा संस्कार आहे आणि तो पुन्हाही घेता येतो. शुद्धीवर असतानाच बोलवावं, म्हणजे पापनिवेदन आणि ख्रिस्तशरीरही होतं. अखेरच्या घडीची विशेष पूर्ण दंडमाफीही असते, जी फादर देऊ शकतात. मृत माणसाला अभ्यंग होत नाही. प्राण गेला की नाही याची शंका असेल तर मात्र करावा, असा नियम आहे, म्हणून उशीर झाला तरी फोन करायला कचरू नये.

एक दार फार काळ बंद होतं. १९१७ च्या धर्मकायद्यात जाणूनबुजून जीव दिलेल्या माणसाला चर्चचं दफन नाकारलेलं होतं. १९८३ च्या कायद्याने दफन नाकारायच्या यादीतून अशा माणसांना वगळलं. मानसिक आजार, प्रचंड भीती किंवा यातना यांनी जबाबदारी कमी होते, आणि पश्चात्तापाची संधी फक्त देवालाच ठाऊक असलेल्या वाटांनी मिळू शकते, असं आता शिकवणीतच आहे. अशा घरांनी मिस्साच्या वहीत नाव लिहिताना आवाज खाली आणण्याची गरज नाही.

ठाणे-मुंबईकडच्या दफनभूमींत जागा अपुरी आहे. तात्पुरती थडगी काही वर्षांनी उघडली जातात, अस्थी कोनाड्यात किंवा सामाईक जागेत जातात, नावाची पाटी निघते. दोन पिढ्यांनंतर त्या जागी मेणबत्ती लावणारं कुणी उरत नाही. मिस्साच्या चौथ्या कृतज्ञताप्रार्थनेत मृतांचा उल्लेख येतो तिथे धर्मगुरू आधी ख्रिस्ताच्या शांतीत गेलेल्यांची आठवण करतो आणि मग एक ओळ म्हणतो, ज्यांची श्रद्धा केवळ तुलाच ठाऊक आहे अशा सर्व मृतांची.